वाचकांचे प्रश्न : लिमिट, कोलिमिट आणि टोपॉस

मागील अंकातील कॅटेगरी सिद्धांताविषयीच्या लेखावर ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून आलेल्या पत्रांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. ज्यांच्या हाती तो अंक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅटेगरी म्हणजे वस्तू आणि त्यांना जोडणारे बाण यांची रचना होय. सॅम्युएल आयलेनबर्ग आणि सॉन्डर्स मॅक लेन यांनी ती १९४५ सालच्या निबंधात मांडली. अशा रचनेतील एखाद्या आकृतीच्या प्रत्येक वस्तूकडे परस्परांशी सुसंगत बाण असलेली, आणि तशा इतर प्रत्येक वस्तूला एकाच रीतीने आपल्यातून जाऊ देणारी वस्तू म्हणजे त्या आकृतीची लिमिट. सगळे बाण उलटे केले की तीच व्याख्या कोलिमिटची होते. लिमिट अटी पाळणाऱ्या घटकांना वेचते, तर कोलिमिट तुकडे जोडते. इन्फिनिटी-कॅटेगरीत बाणांमध्येही बाण असतात, त्या बाणांमध्येही बाण, आणि असेच पुढे.

प्रश्न : कॅल्क्युलसमध्ये शिकलेली क्रमिकेची लिमिट आणि ही लिमिट यांचा काही संबंध आहे, की केवळ नाव सारखे आहे? (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, नौपाडा, ठाणे)

उत्तर : संबंध आहे, पण तो थोडा आडवळणाचा आहे. वास्तव संख्या घेऊन प्रत्येक लहान संख्येकडून मोठ्या संख्येकडे एक बाण काढला, तर एक कॅटेगरी तयार होते. तिच्यात लिमिट म्हणजे इन्फिमम आणि कोलिमिट म्हणजे सुप्रिमम. त्यामुळे सतत घटत जाणाऱ्या, पण खालून बांधलेल्या क्रमिकेची कॅल्क्युलसमधील लिमिट ही या अर्थानेही लिमिटच असते. सतत वाढत जाणाऱ्या क्रमिकेच्या बाबतीत मात्र तीच संख्या कोलिमिट ठरते. वरखाली होत एखाद्या संख्येकडे जाणाऱ्या क्रमिकेला यांपैकी काहीच जसेच्या तसे लागू पडत नाही.

लिमिट या कल्पनेची खरी ताकद पाहायची असेल, तर ७-ॲडिक पूर्णांक हाताने करून पाहावेत. कुर्ट हेन्झेल यांनी अशा संख्या १८९७ मध्ये मांडल्या. प्रथम ७ ने भागून उरणाऱ्या बाक्यांचा संच घ्या, मग ४९ ने, मग ३४३ ने, आणि असेच पुढे. प्रत्येक संचाकडून आधीच्या संचाकडे जाणारा बाण म्हणजे बाकीची पुन्हा बाकी काढणे. या अखंड साखळीची लिमिट म्हणजे ७-ॲडिक पूर्णांक. तिचा एक घटक म्हणजे परस्परांशी जुळणाऱ्या बाक्यांची एक माळ. उदाहरणार्थ ३, १०, १०८ अशी सुरुवात करा. १० ला ७ ने भागले तर बाकी ३ उरते, आणि १०८ ला ४९ ने भागले तर बाकी १० उरते, म्हणजे माळ जुळते. आता वर्ग करा. ९ मधून २ वजा केले तर ७, १०० मधून २ वजा केले तर ९८ म्हणजे ४९ ची दुप्पट, आणि ११६६४ मधून २ वजा केले तर ११६६२ म्हणजे ३४३ ची ३४ पट. ही माळ अशीच पुढे नेता येते आणि तिचा वर्ग २ असतो. पूर्णांकांत ज्याचा पत्ता नव्हता ते २ चे वर्गमूळ लिमिट घेताच हाती लागले.

प्रश्न : इन्फिनिटी-कॅटेगरीत कोलिमिटची व्याख्या शब्दशः तीच दिलेली दिसते. मग दोन बिंदूंच्या संचाकडून एका बिंदूकडे जाणारे दोन बाण घेऊन केलेला पुशआउट संचांत एक बिंदू आणि इन्फिनिटी-कॅटेगरीत वर्तुळ कसा होतो? व्याख्या एक असताना उत्तरे दोन कशी? (अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक, कोपरखैरणे)

उत्तर : सगळ्या पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण याचे उत्तर नीट पटले की पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. व्याख्या एकच आहे. बदलला आहे तो ‘दोन बाण सुसंगत असणे’ याचा अर्थ.

पुशआउट म्हणजे एकाच वस्तूकडून दोन वस्तूंकडे बाण जाणाऱ्या आकृतीची कोलिमिट. आपल्या आकृतीत मधोमध दोन घटकांचा संच आहे. त्यांना अ आणि आ म्हणू. डावीकडे प बिंदू आहे आणि उजवीकडे फ बिंदू. या आकृतीकडून एखाद्या वस्तूकडे सुसंगत बाण नेणे म्हणजे काय? ती वस्तू साधा संच असेल, तर प साठी एक घटक निवडायचा, फ साठी एक निवडायचा, आणि अ मुळे ते दोन्ही समान असले पाहिजेत, तसेच आ मुळेही ते समान असले पाहिजेत. तीच समानता दोनदा सांगितल्याने माहितीत काहीच भर पडत नाही. म्हणून अशी सुसंगत निवड म्हणजे संचातला एक घटक निवडणे, आणि पुशआउट हा एक बिंदू.

आता तीच वस्तू अवकाश आहे असे समजा, आणि होमोटॉपीचे, म्हणजे सलग वाकवून-ताणून एकमेकांत नेता येणाऱ्या गोष्टी एकच मानण्याचे, नियम लावा. तेथे ‘प ची प्रतिमा आणि फ ची प्रतिमा समान आहेत’ असे नुसते म्हणून भागत नाही. एकीकडून दुसरीकडे जाणारा मार्ग हाती द्यावा लागतो. अ साठी एक मार्ग द्यावा लागतो आणि आ साठी दुसरा, आणि हे दोन मार्ग वेगवेगळे असू शकतात. दोन बिंदू आणि त्यांच्यामध्ये दोन मार्ग देणे म्हणजे त्या अवकाशात एक वर्तुळ नेऊन ठेवणे. अशी प्रत्येक निवड वर्तुळाकडून येणाऱ्या बाणाइतकीच माहिती धरते, म्हणून पुशआउट हे वर्तुळ आहे.

आपल्याकडच्या लोकल मार्गांवर हे सहज दिसते. ठाण्याहून मध्य मार्गाने कुर्ला, तेथून हार्बरने वाशी आणि वाशीहून ट्रान्स-हार्बरने पुन्हा ठाणे असा फेरा पूर्ण होतो. कोणत्या स्थानकावरून कोणत्या स्थानकात पोहोचता येते, एवढेच विचारले, तर ही सारी स्थानके एकाच वर्गात पडतात आणि फेऱ्याचा मागमूस उरत नाही. कोणत्या मार्गाने पोहोचलो हे नोंदवले, तर फेरा मारून ठाण्यात परतणे आणि ठाण्यातच थांबणे या दोन भिन्न गोष्टी ठरतात. संचांतील कोलिमिट पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते, इन्फिनिटी-कॅटेगरीतील कोलिमिट दुसऱ्याचे.

लिमिटच्या बाजूलाही हेच घडते. एका बिंदूकडून वर्तुळाकडे जाणारा बाण दोनदा घेऊन पुलबॅक, म्हणजे एकाच वस्तूकडे येणाऱ्या दोन बाणांच्या आकृतीची लिमिट, काढला, तर संचांत एकच घटक मिळतो. होमोटॉपीच्या नियमाने मात्र त्या बिंदूपासून निघून त्याच बिंदूला परतणारे मार्ग मिळतात आणि वर्तुळासाठी हिशेब पूर्णांकांचा संच येतो, कारण वर्तुळाला किती वेढे घातले आणि कोणत्या दिशेने, एवढीच माहिती शेवटी शिल्लक राहते.

प्रश्न : संचांच्या शीफसाठी दुहेरी छेदांपर्यंतची अट पुरते. मग इन्फिनिटी-कॅटेगरीत मूल्ये घेणाऱ्या शीफसाठी तिहेरी, चौहेरी अशा सर्व छेदांची अखंड आकृती का घ्यावी लागते? (संशोधक विद्यार्थी, खारघर)

उत्तर : शीफ म्हणजे अवकाशाच्या प्रत्येक भागाला मूल्य देणारी अशी रचना, की एखाद्या भागावरचे मूल्य त्याच्या तुकड्यांवरच्या सुसंगत मूल्यांतून जोडून मिळते; छेद म्हणजे तुकड्यांचे सामाईक भाग. सगळे छेद लागतात, कारण वर सांगितलेल्या मार्गांचीही आपसांत सुसंगती लागते. एखाद्या अवकाशावर रेषीय बंडल रचताना प्रत्येक तुकड्यावर एक बंडल घ्यावे लागते आणि दुहेरी छेदांवर त्यांना जोडणारे समरूपण द्यावे लागते. पण तेवढ्याने काम होत नाही. तिहेरी छेदावर पहिल्याकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाणे हे पहिल्याकडून थेट तिसऱ्याकडे जाण्याशी जुळले पाहिजे. ही कोसायकल अट म्हणजेच तिहेरी छेदाची हजेरी. मूल्ये संच असतील तर दुहेरी छेद पुरतात, ग्रुपॉइड, म्हणजे सर्व बाण उलटता येणाऱ्या कॅटेगरी, असतील तर तिहेरी लागतात, २-ग्रुपॉइड असतील तर चौहेरी, आणि वर मर्यादाच नसेल तर आकृती कोठेही तोडता येत नाही.

यामागचे तांत्रिक कारण कोफायनल फंक्टरच्या, म्हणजे कोलिमिट न बदलता लहान आकृती मोठीत बसवणाऱ्या जोडणीच्या, कसोटीत आहे. आकृती लहान करूनही कोलिमिट तीच राहावी, यासाठी सामान्य कॅटेगरीत संबंधित कॉमा-कॅटेगरी रिकाम्या नसणे आणि जोडलेल्या असणे पुरेसे असते. इन्फिनिटी-कॅटेगरीत त्या दुर्बल अर्थाने संकोचनीय असाव्या लागतात, म्हणजे होमोटॉपीच्या दृष्टीने बिंदूसारख्या. ही कसोटी आंद्रे जॉयाल यांनी डॅनिएल क्विलन यांच्या ‘थिअरम ए’च्या धर्तीवर सिद्ध केली. लिमिटसाठी तीच कसोटी बाण उलटून वापरायची. छेदांच्या आकृतीतील पहिले दोन टप्पे, म्हणजे तुकडे आणि दुहेरी छेद, जुन्या कसोटीला उतरतात, नवीला उतरत नाहीत. जुन्या पुस्तकातला ‘आकृती लहान केली तरी चालते’ असा प्रत्येक दावा येथे पुन्हा तपासून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : एकच बिंदू आणि सांत ग्रुप एवढीच आकृती सांत मानायची की नाही? (खारघरच्या याच वाचकाचा दुसरा प्रश्न)

उत्तर : येथे ग्रुपचे घटक हे त्या बिंदूकडून त्याच बिंदूकडे जाणारे बाण आहेत. अशी आकृती इन्फिनिटी-कॅटेगरीत सांत मानायची नाही, ग्रुप क्षुल्लक असेल तेवढा अपवाद. दोन घटकांचा ग्रुप घेतला, तर त्या आकृतीचे होमोटॉपी-रूप म्हणजे अनंत मितीचे वास्तव प्रोजेक्टिव्ह अवकाश. त्याची दोन घटकांच्या क्षेत्रावरील कोहोमॉलॉजी (ढोबळपणे, अवकाशातील छिद्रांची अंशागणिक मोजणी) प्रत्येक अंशात शून्येतर असते. फिल्टर्ड कोलिमिट, म्हणजे वाढत जाणाऱ्या साखळीसारख्या आकृतींच्या कोलिमिट, सांत लिमिटशी अदलाबदल करतात हे प्रमेय अवकाशांतही खरे आहे, पण ते या आकृतीला लागू पडत नाही. एक ते न या प्रत्येक अंशासाठी दोन घटकांच्या क्षेत्राचे एकेक आयलेनबर्ग–मॅक लेन अवकाश (ज्याकडे जाणारे बाण त्या अंशातील कोहोमॉलॉजी मोजतात) घेऊन त्यांचा गुणाकार करा, ग्रुपची क्रिया क्षुल्लक ठेवा आणि न वाढवत न्या. आधी स्थिरबिंदू, म्हणजे या आकृतीवरची लिमिट, काढले तर प्रत्येक पायरीवर सांत संख्येने घटकभाग मिळतात आणि कोलिमिट गणनीय राहते. आधी कोलिमिट घेतली तर प्रत्येक अंशात शून्य की एक हे स्वतंत्रपणे निवडता येते, म्हणून घटकभाग अगणनीय होतात.

प्रश्न : टोपॉसच्या दोन-तीन व्याख्या वाचल्या आणि गोंधळ वाढला. खरी व्याख्या कोणती, आणि इन्फिनिटी-टोपॉसमध्ये नेमके काय नवे आहे? (निवृत्त गणित शिक्षक, नेरूळ)

उत्तर : दोन्ही व्याख्या खऱ्या आहेत, पण त्या वेगळ्या गरजांतून आल्या. पहिली अलेक्झांडर ग्रोथेंडीक यांच्या वर्तुळातली. १९४९ मध्ये आंद्रे वेल यांनी सांत क्षेत्रांवरील समीकरणांच्या उकलींविषयी अटकळी मांडल्या होत्या आणि त्या सिद्ध करण्यासाठी योग्य कोहोमॉलॉजी हवी होती. झारिस्की संस्थितीतले विवृत संच त्यासाठी फार भरड पडत. आवरणाचे तुकडे उपसंचच असले पाहिजेत हा आग्रह ग्रोथेंडीक यांनी सोडला, आणि ज्यावर असे आवरण ठरवले आहे त्या कॅटेगरीवरील सर्व शीफांची कॅटेगरी म्हणजे टोपॉस, असे ठरले. मायकेल आर्टिन आणि जाँ-लुई व्हेर्दिए यांच्यासह १९६३–६४ मध्ये चालवलेल्या परिसंवादात ही मांडणी पूर्ण रूपात आली. याच ग्रोथेंडीक यांच्या ‘स्टँडर्ड कंजेक्चर्स’ मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६८ साली भरलेल्या बैजिक भूमितीच्या परिषदेच्या ग्रंथात छापल्या गेल्या, ही गोष्ट आपल्या भागातील गणिताच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावी असे मला वाटते. वेल यांची शेवटची अटकळ पिएर देलिन्य यांनी सिद्ध केली. तो निबंध १९७४ चा.

दुसरी व्याख्या विल्यम लॉवेअर आणि माइल्स टिअर्नी यांची, १९७० च्या आसपासची. सांत लिमिट, फलांचे अवकाश आणि उपवस्तूंचे वर्गीकरण करणारी एक वस्तू एवढ्यावर ती उभी आहे. सांत कोलिमिट त्यातूनच निष्पन्न होतात. सांत संचांची कॅटेगरी या अर्थाने टोपॉस आहे, पण तिच्यात अनंत संयोग नसल्याने ती ग्रोथेंडीक यांच्या अर्थाने टोपॉस नाही. तर्कशास्त्राकडे ओढा असणाऱ्यांनी दुसरीकडून सुरुवात करावी. भूमितीकडे जाणाऱ्यांनी पहिलीकडून.

इन्फिनिटी-टोपॉस समजून घेण्यासाठी मला तिसरी वाट अधिक उपयोगी वाटते, ती जाँ जिरो यांच्या प्रमेयाची. त्यानुसार ग्रोथेंडीक टोपॉस म्हणजे लिमिट आणि कोलिमिट यांचा विशिष्ट रीतीने मेळ बसणारी कॅटेगरी. पुलबॅक घेतल्याने कोलिमिट बिघडत नाही, संयोगातील तुकडे परस्परांना छेदत नाहीत, आणि सममूल्यता संबंधाने भागाकार केल्यावर तो संबंध भागाकारातून पुन्हा परत मिळवता येतो. याखेरीज जनक वस्तूंचा एक छोटा संच असला पाहिजे. यांतील तिसऱ्या अटीवर थोडा वेळ थांबावे. संचांत एका बिंदूवर एखाद्या ग्रुपची क्रिया घेऊन भागाकार केला, तर बिंदूच राहतो आणि ग्रुप कायमचा हरवतो. तो सममूल्यता संबंध नसल्याने जुन्या अटीला बाध येत नाही, पण माहिती गेली ती गेलीच. इन्फिनिटी-टोपॉसमध्ये सममूल्यता संबंधाच्या जागी सर्व ग्रुपॉइड येतात आणि प्रत्येक ग्रुपॉइड आपल्या भागाकारातून परत मिळवता आला पाहिजे अशी अट असते. तेथे हाच भागाकार त्या ग्रुपचे वर्गीकरण-अवकाश होतो, आणि त्यातील बंद मार्ग मोजले की ग्रुप परत हाती येतो.

याचीच व्यापक बाजू म्हणजे डिसेंट. जोडकाम झालेल्या वस्तूवर बसणारी रचना तुकड्यांवर बसणाऱ्या सुसंगत रचनांमधून पूर्णपणे मिळावी, आणि तुकड्यांवरच्या रचना जोडल्यावर प्रत्येक तुकड्यावर पूर्वीचीच रचना दिसावी, अशी ही मागणी आहे. वर कोपरखैरण्याच्या वाचकांना दिलेल्या आकृतीवरच ती तपासू. प वर दोन घटक ठेवा, फ वर दोन ठेवा. त्यांना प१, प२, फ१, फ२ म्हणू. अ वरून जोडताना प१ ला फ१ शी आणि प२ ला फ२ शी जोडा. आ वरून जोडताना अदलाबदल करा, म्हणजे प१ ला फ२ शी आणि प२ ला फ१ शी. संचांत हे जोडकाम केले तर प१ बरोबर फ१, फ१ बरोबर प२, प२ बरोबर फ२ असे होत चारही घटक एकच होतात. वर एक बिंदू, खाली एक बिंदू; प वर पुन्हा पाहिले तर दोन घटकांच्या जागी एकच दिसतो. डिसेंट मोडले. अवकाशांत तेच केले तर चार बिंदू आणि चार मार्ग मिळून प१, फ१, प२, फ२ आणि पुन्हा प१ असे एक वर्तुळ होते. ते खालच्या वर्तुळावर दुहेरी आवरण म्हणून बसते आणि प वर पाहिले की दोन्ही घटक जसेच्या तसे सापडतात. वाचकांनी हे चार बिंदू कागदावर काढून पाहावेत. इन्फिनिटी-टोपॉस कशासाठी आहे हे त्या चित्राइतके स्पष्ट मला कोणत्याही व्याख्येतून झालेले नाही.

सामान्य टोपॉसमध्ये डिसेंट काही कोलिमिटपुरते खरे असते, इन्फिनिटी-टोपॉसमध्ये सगळ्या छोट्या कोलिमिटसाठी. चार्ल्स रेझ्क यांनी या वैशिष्ट्यावर भर दिला आणि जेकब लुरी यांच्या २००९ मधील ग्रंथात संपूर्ण सिद्धांत रचला गेला. उपवस्तूंच्या वर्गीकरणाची जागा तेथे, आकाराची मर्यादा घालून, सर्व वस्तूंचे वर्गीकरण करणारी वस्तू घेते. तीही डिसेंटमुळेच अस्तित्वात येते.

प्रश्न : बाण होमोटॉपी ग्रुपांवर समरूपण देत असेल तर तो सममूल्यता असतो, हे व्हाइटहेड यांचे प्रमेय कोणत्याही इन्फिनिटी-टोपॉसमध्ये वापरता येते का? (संशोधक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : नाही. अवकाशांच्या टोपॉसमध्ये ते खरे आहे, पण इतरत्र अशा वस्तू सापडतात की ज्यांचे सर्व होमोटॉपी शीफ क्षुल्लक असूनही त्या अंतिम वस्तूशी सममूल्य नसतात. हिल्बर्ट क्यूब या अनंत मितीच्या अवकाशावरील शीफांत असे घडते. तेथे प्रत्येक बिंदूपाशी तपासणी करून सममूल्यता सिद्ध करण्याची सवयीची युक्तीही फसते, जरी त्या अवकाशाला बिंदूंची काहीच वाण नाही. अशा वस्तूंना क्षुल्लक ठरवून जो टोपॉस मिळतो त्याला हायपरकम्प्लीट म्हणतात. म्हणून सामान्य टोपॉसच्या बाबतीत ‘प्रीशीफांचे डावे-एक्झॅक्ट लोकलायझेशन (सांत लिमिट जपत काही बाण उलटता येण्याजोगे करणे) म्हणजेच ग्रोथेंडीक संस्थिती (आवरणांची निवड)’ हा जो एकास एक मेळ आहे, तो येथे टिकत नाही: साधे शीफ आणि हायपरकम्प्लीट शीफ यांची संस्थिती एकच असूनही लोकलायझेशन दोन असू शकतात.

निबंध वाचताना लेखकाने एखाद्या आवरणाच्या छेदांवर अट घातली आहे, की छेदांनाही पुन्हा आवरणे देणाऱ्या हायपरकव्हरवर, हे आधी पाहावे. पहिल्या अटीतून साधे शीफ मिळतात, दुसरीतून हायपरकम्प्लीट. आपण पत्रात ज्या मॅनिफोल्डचा उल्लेख केला आहे त्यांची मिती सांत असल्यामुळे तेथे दोन्ही एकच आहेत आणि बिंदूपाशी केलेली तपासणी पुरेशी आहे; एटाल साइटवर, म्हणजे बैजिक भूमितीतील उपसंचांपलीकडच्या आवरणांवर, काम करताना मात्र हा भेद प्रत्येक वेळी तपासूनच पुढे जावे.